पोरांना हिशोब येतो, विचारायची सोय नाही

पतसंस्था बुडाली, महिन्याला दहा टक्के देणारा ‘शेअर मार्केट’वाला रातोरात गाव सोडून गेला, किंवा वस्तीतल्या एखाद्या पोरामागे मोबाईलवरच्या कर्जवाल्यांचा ससेमिरा लागला, की आपल्याकडे निदान तयार असतं. लोकांना पैशाची अक्कल नाही. लोभ नडला. अर्थसाक्षरता नाही आपल्या लोकांत. निदानापाठोपाठ औषधही ठरलेलं असतं: कॉलेजात किंवा समाजमंदिरात दोन तासांचं शिबिर, बचतीचं महत्त्व, ओटीपी कुणाला सांगू नका, शेवटी प्रमाणपत्रं आणि फोटो. माझ्या मते हे निदान चुकीचं आहे आणि औषध रोग्यालाच दोष देऊन मोकळं होणारं आहे. केडगावसारख्या ठिकाणी वाढणाऱ्या गरीब मुलामुलींवर तर या निदानानं सरळ अन्याय होतो.

केडगाव म्हणजे नगर शहराचं पुणे रस्त्यावरचं टोक. रेणुकामातेचं देऊळ, नवरात्रातली गर्दी, जवळच नेप्ती उपबाजारातल्या कांद्याच्या गाड्या, बायपासची गॅरेजं आणि ढाबे. हद्द महापालिकेची, चालरीत बरीचशी गावाची. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून कामासाठी निघालेली कुटुंबं नगरच्या अशाच कडेच्या वस्त्यांमध्ये भाड्याची खोली शोधतात. त्यांची अठरा-वीस वर्षांची मुलं कांद्याच्या हंगामात मार्केटला जातात, एरवी गॅरेजला, सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, नाहीतर दुचाकीवर पार्सलं पोचवायला. या मुलांना पैशाची समज नाही असं म्हणणाऱ्यानं त्यांचा एक महिना बघावा. पगार ठेकेदाराच्या मर्जीनं कधी सातला, कधी अठराला. खोलीचं भाडं एकला. मोबाईलचा हप्ता पाचला, तो चुकला की दंड. आईच्या बचत गटाचा हप्ता ठरलेल्या वाराला. किराणा दुकानातली उधारी पगारावर. मित्रांच्या भिशीचे पैसे महिन्याअखेरीला, आणि आपला नंबर दिवाळीच्या आधी लागावा म्हणून केलेली मनधरणी. गावाकडे आजोबांच्या औषधाला पाठवायचे ते वेगळेच. एवढी कसरत महिन्याला बारा-पंधरा हजारांत बसवणारा मुलगा आर्थिक निरक्षर, आणि महिन्याच्या एक तारखेला खात्यात ठरलेली रक्कम पडणारे आपण साक्षर, ही मांडणी मला मान्य नाही.

हे माझं एकट्याचं भाबडं मत नाही. २००९ साली ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे पुस्तक निघालं. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेच्या आसपास गरीब कुटुंबांकडे अभ्यासक वर्षभर, दर पंधरवड्याला जात राहिले आणि त्यांनी प्रत्येक देवघेव लिहून घेतली. चारपेक्षा कमी प्रकारचे आर्थिक व्यवहार करणारं एकही कुटुंब त्यांना सापडलं नाही. मिळकत थोडी आणि अनियमित असते, तेव्हा पैसा सांभाळणं जास्त अवघड होतं आणि म्हणून गरिबाला ते जास्त करावं लागतं.

मग तो सारखा उद्धृत होणारा आकडा? राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९च्या सर्वेक्षणात देशातले २७ टक्के प्रौढ अर्थसाक्षर निघाले आणि महाराष्ट्रातले फक्त १७ टक्के. सभांमध्ये हा १७चा आकडा लोकांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. पण ती मोजणी कशी होती ते बघायला हवं. ज्ञान, वर्तन आणि दृष्टिकोन या तिन्ही कसोट्यांवर किमान गुण मिळाले तरच माणूस साक्षर धरला जात होता. यातली वर्तनाची कसोटी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतून आलेली आहे. गेल्या वर्षी बचत केलीत का? खर्च भागवायला उसने घ्यावे लागले का? ज्याच्या हातात महिन्याअखेरीला काही उरतच नाही, त्यानं या प्रश्नांना खरी उत्तरं दिली की त्याचे गुण जाणारच. त्याची गरिबीही त्याच्या निरक्षरतेच्या खात्यात जमा होते. असा आकडा धोरण ठरवायला उपयोगी असेल. त्यावरून कुणाच्या बुद्धीचा निवाडा करू नये.

आता नगरचंच उदाहरण घेऊ, कारण ते ताजं आहे आणि जखमही ओली आहे. नगर अर्बन बँक १९१० साली स्थापन झाली. शंभर वर्षांहून जुनी, शहराच्या बाजारपेठेचा कणा मानली गेलेली. डिसेंबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि ठेवीदाराला दहा हजारांपलीकडे रक्कम काढता येईना. ४ ऑक्टोबर २०२३ला परवानाच रद्द झाला. त्या बँकेत पैसे ठेवणारे कोण होते? व्यापारी, निवृत्त नोकरदार, शिक्षक. ताळेबंद वाचता येणारी माणसं. त्यांना शिबिराची गरज होती असं कुणी म्हणत नाही, म्हणणारही नाही. बँक बुडाल्यावर दोष संचालकांकडे, कर्ज थकवणाऱ्यांकडे, लेखापरीक्षणाकडे गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. तेच केडगावच्या वस्तीतल्या मुलाचे वीस हजार बुडाले, तर दोष त्याच्या अकलेकडे जातो. एकाच जिल्ह्यात, एकाच प्रकारच्या फसवणुकीला दोन न्याय लावले जातात.

शेवगाव तालुक्याकडे बघा. शेअर बाजारात पैसे लावून महिन्याला दहा टक्के आणि त्याहूनही जास्त परतावा देतो असं सांगणाऱ्या तरुणांनी तिथं गावंच्या गावं गोळा केली. मग एकेक जण पसार होत गेला आणि गुन्हे दाखल होऊ लागले. यावरही तेच ऐकायला मिळालं: लोकांना हिशोब आला असता तर फसले नसते. हिशोब करून पाहू. महिन्याला दहा टक्के चक्रवाढीनं एक लाखाचे वर्षात तीन लाख चौदा हजारांच्या आसपास होतात. पाच वर्षांत ते तीन कोटींच्या वर जातात. चक्रवाढ व्याजाचं सूत्र आठवीच्या गणितात आहे. शेवगावच्या पारावर बसलेल्या निम्म्या माणसांना ते कधीतरी पाठ होतं. ज्ञानाची उणीव होती असं मी मानत नाही. पैसे गोळा करणारा भावकीतला होता, त्यानं पहिले चार महिने हप्ता वेळेवर दिला होता, त्याच्या दारात नवी गाडी होती, आणि कार्यक्रमाला गावातली वजनदार माणसं येत होती. अशा ठिकाणी उभं राहून ‘दादा, हे पैसे येतात कुठून?’ असं विचारायला गणितापेक्षा वेगळी गोष्ट लागते. आपल्यामागे कुणीतरी उभं आहे, याची खात्री लागते. वीस वर्षांच्या गरीब पोराला, आणि त्याहून जास्त त्याच्या बहिणीला, ती खात्री कुणी दिली आहे?

माझा सगळा मुद्दा इथं येऊन ठेपतो. पैशाचं शहाणपण एकट्या डोक्यात टिकत नाही. ते संगतीत टिकतं, आणि विचारण्याचा अधिकार माणसाला संगतीतूनच मिळतो. म्हणून गरीब तरुणांची अर्थसाक्षरता हे वस्तीतल्या संस्थांनी एकत्र येऊन, वर्षानुवर्षं टिकून करायचं काम आहे. एका दिवसाचा वक्ता ते करू शकत नाही, वक्ता कितीही चांगला असला तरी.

म्हसवडची गोष्ट इथं सांगायलाच हवी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तकांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हतं. बायका परत आल्या, शिकायला बसल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना त्या म्हणाल्या, वाचता येत नाही हे खरं, पण कुठलीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो. आणि हेच गणित तुमच्या लोकांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशोब त्या बायकांना आधीच येत होता. कार्यालयात जाऊन तो मांडायचं बळ मात्र त्या एकत्र गेल्या म्हणून आलं. एकेकटीनं म्हसवडच्या एखाद्या बँकेच्या खिडकीवर हेच बोलून बघितलं असतं, तर काय झालं असतं ते प्रत्येक खेडूत बाईला ठाऊक आहे.

यावर दुसऱ्या बाजूनं एक आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे. ज्यांच्याशी माझं एरवी जमतं असे कार्यकर्ते म्हणतात: प्रश्न साक्षरतेचा नाहीच, प्रश्न मजुरीचा आहे. पोराला नीट पगार द्या, ठेकेदारी बंद करा, मग तो त्याचा तो बघून घेईल. गरिबाला बचत शिकवणं म्हणजे व्यवस्थेचं पाप त्याच्या माथी मारणं. त्यांच्या हाताशी भक्कम पुरावाही आहे. २०१४ साली फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर यांनी अर्थशिक्षणावरचे जगभरातले अभ्यास एकत्र तपासले. लोकांच्या आर्थिक वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ०.१ टक्का फरक या शिक्षणामुळे पडतो, गरीब गटांत त्याचा परिणाम आणखी कमी असतो, आणि काळ जाईल तसा तोही विरतो, असं त्यांना आढळलं. हे वाचून शिबिरांवरचा माझा उरलासुरला विश्वासही गेला.

पण आक्षेप घेणारे तिथेच थांबतात आणि तिथं थांबणं बरोबर नाही. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी, की निर्णयाच्या वेळी मिळालेली माहिती उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. पुढे २०२२मध्ये कायझर, लुसार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७६ नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले. त्यांना ज्ञानातही आणि वागण्यातही ठळक फरक दिसला, आणि तो गरीब-श्रीमंत सगळ्याच देशांत दिसला. शेजारच्या गुजरातमधल्या अहमदाबादचा प्रयोग तर मला सगळ्यांत बोलका वाटतो. तिथं गरीब वस्त्यांमधल्या लोकांना चित्रफितींतून पैशाचे धडे दिले गेले. नुसत्या चित्रफितींनी वागण्यात काही बदललं नाही. ज्यांना त्यासोबत स्वतःचं उद्दिष्ट ठरवायला मदत मिळाली आणि समोर बसून सल्ला देणारं माणूस मिळालं, त्यांचं वागणं बदललं. माहिती तीच, पण एका गटासोबत माणूस होता. संस्थांची भागीदारी हवी म्हणतो ती यासाठीच. कर्ज घ्यायचा निर्णय पोरगा शिबिराच्या दिवशी करत नाही. तो रात्री साडेदहाला, बहिणीला दवाखान्यात भरती केल्यावर, मोबाईलवर करतो. त्या वेळी त्यानं कुणाला फोन करायचा? केडगावात त्या फोनला उत्तर देणारं कुणी आहे का, एवढाच खरा प्रश्न आहे.

आणि मजुरीच्या प्रश्नाबद्दल. मजुरी वाढली पाहिजे, यात दुमत नाही. पण वाढलेली मजुरी कुठून गळते तेही बघा. पाथर्डी-जामखेडकडच्या जोडप्याची पहिली मोठी रक्कम ऊसतोडीची उचल असते, आणि हंगाम संपला तरी ती फिटत नाही. तिचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. केडगावात राहणाऱ्या मुलाची पहिली मोठी रक्कम बहुधा दुचाकीच्या कर्जाची असते. दुकानात त्याला सांगतात, व्याज फक्त बारा टक्के. एक लाख, तीन वर्षं, व्याज छत्तीस हजार, हप्ता तीन हजार सातशे अठ्ठ्याहत्तर. मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या शिलकेवर मोजलं तर हाच दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. मोबाईलवरच्या बेकायदा कर्जाचं गणित याहून भीषण: पाच हजार मंजूर, हातात साडेतीन हजार, सात दिवसांनी पाच हजार परत. आठवड्याला जवळजवळ त्रेचाळीस टक्के. वस्तीतल्या सावकाराचा शेकडा पाच रुपये महिना हा दर वर्षाला साठ टक्के होतो. राज्याच्या २०१४च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जासाठी ठरवून दिलेला दर वर्षाला अठरा टक्के आहे. या फरकातून जो पैसा जातो, तो मजुरीच आहे. ती परत मिळवणं हीसुद्धा मजुरीचीच लढाई आहे.

शाळा यात काय करते? बालभारतीच्या नववी आणि दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. दहावीच्या प्रकरणात वस्तू व सेवा कर आहे, शेअरची दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड आहे. परीक्षेत मुलं ही उदाहरणं बरोबर सोडवतात. पण पुढच्या जूनमध्ये त्यातल्या काही जणांसमोर जे कागद येणार आहेत, त्यांतला एकही या प्रकरणात नाही: हप्त्याचा करार, ठेकेदाराची भविष्यनिर्वाह निधीची कपात, पतसंस्थेची ठेव पावती, बचत गटातलं सामूहिक हमीचं कर्ज. शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. पुस्तक राज्यासाठी असतं, वस्तीतला कागद वस्तीतच असतो. तो कागद वर्गात आणायला शाळेबाहेरचं कुणीतरी लागतं.

शेअर बाजाराचं अर्धवट शिक्षण काय करतं, याचे आकडे सेबीकडे आहेत. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. या व्यवहारांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. या मुलांना माहिती कमी नव्हती. मोबाईलवर दिवसरात्र माहितीच येत होती, आणि ती देणारे बहुतेक जण त्यांच्याच व्यवहारावर पैसे मिळवत होते. ‘आता सगळं मोबाईलवर शिकता येतं, संस्थांची गरज काय’ असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: शिकवणाऱ्याचं पोट कशावर चालतं, ते आधी विचारा.

सगळ्यांत वाईट गोष्ट खात्यांची. हजार-दोन हजारांसाठी मुलं आपलं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम कुणाच्या तरी हाती देतात. ‘कमिशनचं काम आहे, दोन महिने खातं वापरायला दे.’ त्या खात्यातून सायबर चोरीचा पैसा फिरतो, खातं गोठतं, आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. हा धोका इतका पसरला, की अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २०२४मध्ये स्वतंत्र प्रणाली आणावी लागली. गरीब पोरगा इथं फसवला जाणारा तर असतोच, पण कागदोपत्री तो आरोपीही होतो. त्याचं जनधन खातं उघडताना बँकेनं त्याला हे समजावून सांगितलं होतं का? बँकमित्राला त्यासाठी वेळ दिला होता का?

भागीदारी हा शब्द सरकारी कागदांत भरपूर आहे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण धोरण २०२० ते २०२५ पाच सूत्रांवर उभं होतं आणि त्यांत समुदाय आणि सहकार्य ही दोन सूत्रं चक्क नावानिशी होती. रिझर्व्ह बँकेनं २०१७मध्ये ८० तालुक्यांत वित्तीय साक्षरता केंद्रांचा प्रयोग केला. केंद्र बँकेनं आणि स्वयंसेवी संस्थेनं मिळून चालवायचं, कार्यकर्ते स्थानिक घ्यायचे. कल्पना अगदी योग्य. पुढे ती वाढवली तेव्हा एका केंद्राकडे साधारण तीन तालुके आले. तीन तालुक्यांत फिरणारा माणूस केडगावच्या एका गल्लीत वर्षातून किती वेळा येणार? शिवाय केंद्रांची आखणी तालुक्यांची, बचत गटांचं ‘उमेद’ अभियान ग्रामीण भागासाठी, आणि केडगाव महापालिकेत. अशा कडेच्या वस्त्या दोन्हीकडून निसटतात, म्हणून वेगळी आखणी मागावी लागते.

नगरमध्ये ही आखणी करण्याजोग्या संस्था आहेत. १९८९पासून काम करणाऱ्या स्नेहालयनं शहरातल्या झोपडपट्ट्यांमध्ये बालभवनं चालवली आहेत. मुलं आणि आया तिथं ओळखीच्या आहेत. सीएसआरडी ही समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था आहे, तिच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं. नागरी उपजीविका अभियानातून उभे राहिलेले महिला बचत गट आहेत, माथाडी-हमालांच्या संघटना आहेत, आयटीआय आहे, प्रत्येक गल्लीत तरुण मंडळ आहे. सेंट्रल बँक ही जिल्ह्याची अग्रणी बँक आहे. यातली कुठलीच संस्था एकटी पुरी पडणार नाही. बचत गटाच्या ताईला कोणाच्या घरात कुणाचा हप्ता थकला आहे ते कळतं, पण कायदा ठाऊक नसतो. बँक अधिकाऱ्याला कायदा ठाऊक असतो, पण दार उघडलं जात नाही. विद्यार्थ्याकडे वेळ असतो, पण दोन वर्षांनी तो निघून जातो. हे तिघं एकाच टेबलाशी, दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बसले, तर रात्री साडेदहाच्या फोनला उत्तर देणारं माणूस तयार होईल.

मुंबईच्या मेलजोल संस्थेनं शाळकरी मुलांसाठी बचतीचं आणि हक्कांचं शिक्षण एकत्र गुंफलं आणि त्यातून ‘अफलातून’ हा कार्यक्रम जगभर गेला. दिल्लीत बटरफ्लाइज संस्थेनं रस्त्यावर काम करणाऱ्या मुलांसाठी ‘बाल विकास खजाना’ उभा केला, आणि तिथल्या ठेवी, हिशोब, कर्ज द्यायचं की नाही हे मुलंच ठरवतात. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. मुलांना नुसतं ऐकायला बसवलं नाही, त्यांच्या हातात वही दिली. आपल्याच तालुक्यात हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. शेकडो माणसं आकडे ऐकतात, प्रश्न विचारतात, मग निर्णय घेतात. पाण्याच्या बाबतीत जे जमतं, ते पतसंस्थेच्या ताळेबंदाच्या बाबतीत का जमू नये?

मात्र अशा कामाच्या अटी कडक असल्या पाहिजेत, आणि इथं मी कुणाच्याही भिडेला बळी पडणार नाही. जी संस्था ठेवी गोळा करते, विमा विकते किंवा कर्ज देते, तिनं या कामाला पैसे द्यावेत, पण तिथं फलक लावू नये, माल विकू नये आणि काय शिकवायचं ते ठरवू नये. आपल्या जिल्ह्यात गणपती मंडळापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पतसंस्थांच्या देणग्या पोचतात. त्यातल्या अनेक संस्था चोख आहेत, नगरचा सहकार त्यांच्यावरच उभा आहे. पण ज्याच्या देणगीवर मंडप उभा आहे, त्याच्याबद्दल त्या मंडपात कुणी शंका काढत नाही. अर्थशिक्षणाच्या वर्गात तर पहिली शंका तिथूनच निघायला हवी.

म्हणून काय शिकवायचं, याचं माझं उत्तर शिबिरवाल्यांपेक्षा वेगळं आहे. बचत करा हे सांगायची गरज नाही. मुलांना हे कळलं पाहिजे, की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. सहकारी संस्थेच्या सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद फुकट बघण्याचा हक्क सहकार कायद्याच्या ३२व्या कलमानं दिलेला आहे, आणि लेखापरीक्षणाचा वर्ग विचारणं म्हणजे कुणाचा अपमान करणं नव्हे. १ ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ कर्जाआधी एकूण वार्षिक खर्च दाखवणारा कागद, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, देणं बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. मराठीत मागितला तर तो द्यावाच लागतो. गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांना घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते लादता येत नाहीत, आणि वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर दारात उभं राहायचं नसतं. बँकेनं तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. सायबर चोरीत पैसे गेले तर पहिल्या तासात १९३०ला फोन. खातं भाड्यानं द्यायचं नाही, कितीही जवळचा मित्र असला तरी. आणि हे नुसतं सांगून भागणार नाही. त्या टेबलाशी बसून मुलांनी खरी तक्रार लिहावी, खरा कागद मागावा, तो मिळेपर्यंत सोबत कुणीतरी जावं.

मुलींचा प्रश्न तर स्वतंत्र लेखाचा आहे. कमावत्या मुलीचं खातं असतं, पण कार्ड आणि पिन भावाकडे किंवा नवऱ्याकडे असतात. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४मध्येच दिली. केडगावातल्या किती शाळांनी हे पालकांना सांगितलं असेल? सातवीतली मुलगी स्वतःच्या सहीनं शंभर रुपये काढायला शिकली, तर विसाव्या वर्षी पिन मागणाऱ्याला नाही म्हणणं तिला सोपं जाईल. हे घरात शिकवलं जाणार नाही, कारण घरातच अडचण आहे. बचत गटातल्या बायका हे शिकवू शकतात.

मागणी कुणाकडे करायची, हेही स्पष्ट सांगतो. आपल्याच जिल्ह्यातला प्रवरेचा साखर कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटलांसोबत जे उभे राहिले, त्याच धनंजयराव गाडगिळांच्या अभ्यासगटानं १९६९मध्ये शिफारस केली, की बँकांनी एकेका प्रदेशाची जबाबदारी घ्यावी. त्यातूनच अग्रणी बँक योजना आली. बँकेनं जिल्ह्याला उत्तरदायी असावं, हा विचार असा नगरच्या अनुभवाशी जोडलेला आहे. अग्रणी बँकेच्या जिल्हा सल्लागार समितीची बैठक दर तिमाहीला होते. तिच्यात पतपुरवठ्याचे आकडे येतात आणि शिबिरांची संख्याही येते. पुढच्या बैठकीत शिबिरांची संख्या बाजूला ठेवून केडगावपुरते तीन आकडे मांडावेत: या भागातल्या तरुणांची किती खाती गोठवली गेली आणि त्यातली किती सुटली, मराठीतला कर्जखर्चाचा कागद किती जणांना प्रत्यक्ष दिला, आणि किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या. हे आकडे ऐकायला आणि त्यावर बोलायला वस्तीतली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, त्या बैठकीत बसवावीत, आणि बैठकीचं इतिवृत्त मराठीत केडगावच्या शाळेच्या फलकावर लावावं.